निळ्या दाराच्या घरी या

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

पोचले एकदाची. ब्राह्मणपुरीहून शहादा, शहाद्याहून प्रकाशा, आणि दोन्ही गाड्यांत खिडकी मिळाली, म्हणजे दिवस चांगलाच म्हणायचा. पिशवीत दादर ज्वारीचं पीठ, भरताची वांगी आणि मिरचीचा ठेचा होता. कंडक्टरने दोनदा विचारलं, आजी, वास कशाचा येतोय? म्हटलं, तुझ्या नशिबात नाही त्याचा.

हे मी लिहीत नाही. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि फोन लिहितो. माझ्या नातीने, मयूरीने, ही सोय लावून दिली आहे. माइकचं चित्र दाबायचं, ते लाल झालं की बोलायचं. तारीख तो आपली आपण टाकतो. अडचण एकच, त्याला आपली अहिराणी कळत नाही. पहिल्यांदा मी बोलले, "मी आठे बठेल शे," म्हणजे मी इथे बसले आहे, तर त्याने काय छापलं देव जाणे, मयूरी पोट धरून हसत बसली. म्हणून आता शाळेची मराठी; अहिराणीचं एखाददुसरं वाक्य तेवढं तो हळूहळू शिकतोय म्हणे. जन्मात शाळेची पायरी चढले नाही आणि सत्तरी उलटल्यावर एका काचेच्या तुकड्यासाठी मास्तरणीसारखं बोलायचं.

घर मात्र छान आहे. तीन खोल्या, पुढे ओटा, मागे लिंबाचं झाड. घाटाकडे उतरणाऱ्या वाटेवरचं हे शेवटचं घर, त्यामुळे खिडकीतून तापी दिसते. दाराला मयूरीने स्वतः निळा रंग दिला आहे, फोटोत चांगलं दिसतं म्हणे. आमच्याकडे दार चोर अडवायला असतं, हिच्याकडे फोटोसाठी. दोघींनी भरीत-भाकरी खाल्ली. पोरगी दोन भाकऱ्या जास्त जेवली. एकटी राहून वाळली होती. आता मी आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मयूरी शहाद्याला एका कॉलेजच्या ऑफिसात बसते. ती झाली नोकरी. जीव आहे तो वेबसाइटवर. नाव ठेवलंय 'आजीसोबत नंदुरबार'. आजी म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही.

काय असतं त्यात, ते समजून घेतलं. आपला जिल्हा कुठे बघावा, कुठे जेवावं, कुठे थांबावं, हे परक्या लोकांना सांगायचं. तोरणमाळचं तळं, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, इथला घाट आणि देवळं. संध्याकाळी घरी आली की ही पोरगी तीन-तीन तास एका चौकोनाचा रंग बदलत बसते. आधी हळदीचा, मग केळीच्या पानाचा, मग परत हळदीचा. मला विचारते कुठला बरा. मी म्हणते, तीन तासांत माझा एक पापडाचा घाणा झाला असता. ती म्हणते, आजी, ही हौस आहे. हौस! आमच्या वेळी हौस म्हणजे वर्षातून एकदा बांगड्या भरायच्या.

आणि येणार कोण? सुरतेचे, पुण्याचे रिकामटेकडे. घोड्यासमोर उभे राहून स्वतःचाच फोटो काढणारे. भाकरी बघून "वाव" म्हणणारे. मग तेच लोक चांदण्या देतात म्हणे, पाचातल्या तीन, पाचातल्या चार. तापीमाईला चांदण्या देणारे तुम्ही कोण रे?

एक गोष्ट मात्र मला आवडली. त्यात नकाशा आहे, आणि जो कुणी आपली जागा दाखवायला हो म्हणेल त्याचा नकाशावर निळा ठिपका उमटतो. आमच्या घरावर लाल खूण आहे. मला अक्षर येत नाही, पण ठिपका येतो. आज एकच ठिपका होता, शहाद्यात. मयूरीची मैत्रीण.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सुट्टी म्हणून मयूरी मला सकाळी घाटावर घेऊन गेली. माझ्या आवाजात पाहुण्यांना बोलावणं भरायचं होतं. नवं पातळ नेसवलं, केस चापून दिले. खालच्या पायरीवर उभी केली आणि पाण्याकडे तोंड करून बोल म्हणाली, कारण उलट्या बाजूने ऊन तोंडावर येत होतं.

मग मी दिलं आमंत्रण, आपल्याकडे देतात तसं, हात जोडून. या पाहुण्यांनो, लाजू नका. घाट चढून सरळ वर या, निळ्या दाराचं घर आमचं आहे. बसा, पाणी प्या, जेवून जा. माझी नात मयूरी तुम्हाला सगळं दाखवेल, तुमच्यासोबत फिरेल.

तेवढ्यात दोधू ओरडला. दोधू म्हणजे इथला नावाडी, अस्थी घेऊन आलेल्या लोकांना मधल्या धारेला नेतो. त्याच्या नावेत तेव्हा एक कुटुंब होतं, पोराच्या मांडीवर लाल फडक्याचं गाडगं. दोधूने वल्हं सोडून कपाळाला हात लावला. "माय वं, आठेन कोनले बलावतस का?" नाव काठाला लावल्यावर जवळ येऊन म्हणाला, या पायरीवरून कुणालाही बोलवत नाहीत. इथून वर जाताना माणसं एकमेकांना "चल" सुद्धा म्हणत नाहीत.

रीत मला काय माहीत नाही? सुतकाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मी पुण्याच्या लोकांना बोलवत होते, मेलेल्यांना नाही. मी दोधूला म्हटलं, मेलेल्यांकडे फोन असतो का रे? त्यांचा नेटपॅक कोण भरतं? मयूरी खुदकन हसली. दोधू नाही हसला. या वयात माणसाला हसता येऊ नये, म्हणजे फुकट गेलं सगळं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पहिला पाहुणा आला!

भर दुपारी, मयूरी कामावर असताना. मी ओट्यावर तूर निवडत होते. घाटाच्या बाजूने एक माणूस चढून आला, पन्नाशीचा, अंगावर कोरं पांढरं धोतर, पाय अनवाणी आणि ओले. आंघोळ करून आला असेल म्हटलं. या, बसा. बसला. कुठले? तर नुसतं मागे बोट दाखवलं. नदीपलीकडचा असेल. गुण तेच, पाहुण्यांचे. नाव सांगणार नाहीत, गाव सांगणार नाहीत, आणि आपण मात्र घर उघडून द्यायचं.

अर्धा तांब्या पाणी दिलं. त्याने तोंडाला लावलेलं मी पाहिलं. भाकरी आणायला आत गेले, बाहेर आले तर माणूस नाही. "येतो" नाही, "जेवलो असतो" नाही, काही नाही. हल्लीच्या लोकांना रीत म्हणून राहिली नाही.

तांब्या मात्र काठोकाठ भरलेला होता. पाणी गढूळ. मी अर्धाच दिला होता, आणि नळाचा.

तो बसला होता तिथे ओलं झालं होतं, त्यात भाताची चार शितं आणि काळे तीळ. संध्याकाळपर्यंत तशीच होती. मुंग्या आमच्या ओट्यावर साखरेचा कण सोडत नाहीत, त्या भाताला वळसा घालून जात होत्या.

गुरुवार, २० नोव्हेंबर

परवा दोन आले, आज पाच. नेहमी दुपारीच. दोन बायका, एक म्हातारा, एक तरणा गडी, आणि पहिला तो धोतरवाला परत. सगळ्यांचे कपडे कोरे आणि ओले. ओळीने ओट्यावर बसले. चहा दिला, कपातला चहा तसाच, फक्त वर आलेला, बशीत सांडलेला. फुकटचाही पचत नाही यांना.

म्हातारा म्हणाला, मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, काय हो, स्थळ घेऊन आलात का? तरण्याकडे बघून म्हटलं, नवरदेव जरा वाळवून तरी आणायचा. कुणी हसलं नाही. म्हातारा परत तेच म्हणाला, त्याच आवाजात. मुलगी कुठे आहे. ती दाखवणार आहे ना.

मयूरी आल्यावर सांगितलं. ती इतकी खूश झाली की मला पुढचं बोलताच येईना. साइट चालायला लागली म्हणाली. फोन उघडून नकाशा बघितला तर निळे ठिपके खरंच होते, बरेच. पण ते सगळे नदीत होते. मधल्या धारेपासून घाटापर्यंत ओळ. मयूरी म्हणाली, फोनला कधीकधी जागा नीट कळत नाही, थोडं इकडेतिकडे होतं.

असेल. पण एक ठिपका आमच्या लाल खुणेवर होता, आणि ओटा तर तेव्हा रिकामा होता.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज मयूरी घरी होती. ते आले, आणि ती त्यांच्यात जाऊन बसली. मी दारातून बघत होते. ती विचारत होती, ते सांगत होते, ती भराभर लिहून घेत होती. इतकं मन लावून तिचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं म्हणे. खरं आहे. मी तर तिच्या चौकोनांची टरच उडवली.

ते गेल्यावर तिने नकाशावर नव्या खुणा टाकल्या. मला वाचून दाखवलं. जुना घाट, पायऱ्या शाबूत. चिंचेखालचा पार. दगडी दीपमाळ. मी विचारलं, कुठे आहे हे सगळं? तिने बोट ठेवलं. सगळं नदीत.

मी घाटावर जाऊन दोधूला विचारलं. पार, दीपमाळ, चिंच? त्याने वल्हं खाली ठेवलं. म्हणाला, होतं. त्याच्या लहानपणी होतं. बंधाऱ्याचं पाणी चढलं, तेव्हा बुडालं. मयूरीला कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, पाहुण्यांनी. त्याने नदीला हात जोडले. मी टोमणा मारला नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज ओटा पुरला नाही. अंगणात बसले.

मी पाणी फिरवत होते. कोपऱ्यात एक बाई पाठ करून बसलेली. हिरवं पातळ. खांद्यावर पिन, तिरकी टाचलेली. उजव्या कानाची पाळी तुटकी.

ती पाळी मला माहीत आहे. ती पिन मीच टाचली होती, तिला शेवटचं नेसवताना, घाईत, कारण बाहेर माणसं खोळंबली होती. तुळशीबाई. माझी थोरली जाऊ. एका चुलीवर चाळीस वर्षं भांडलो आम्ही. आठ वर्षांपूर्वी गेली, आणि तिची राख याच घाटावर सोडली.

मला आधी रागच आला. म्हटलं, मेली तरी फुगूनच बसली आहे. ओठांवर आलेलं बोलूनही टाकलं, काय गं, तिथेही कुणाशी पटत नाही का?

तिने मान वळवली. तोंड तेच, फक्त पाण्यात राहिलेल्या कापसासारखं. म्हणाली, "तूच बलायं ना? मंग बठाडी काय ठेवं? पोर कव्हय येवाव शे?"

तूच बोलावलंस, मग नुसतं बसवून का ठेवलंस, पोर कधी येणार. माझी पोर.

तांब्या हातातून पडला. पाणी सांडलंच नाही. आत गेले, कडी लावली. मयूरी येईपर्यंत देवापाशी बसले. ते बाहेर होते. कुणी दार वाजवलं नाही. पाहुणे कशाला वाजवतील, बोलावलेले —

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मयूरीने रजा टाकली आहे. केस सतत ओले. विचारलं तर म्हणते नुकतेच धुतले. उशीला नदीचा वास येतो.

मी तिच्या पाया पडले. नातीच्या. म्हटलं ते माझं बोलावणं पुसून टाक साइटवरून, आत्ता. तिने मला उठवलं. म्हणाली, आजी, ते मी टाकलंच नाही गं. वाऱ्याचा आवाज फार आला होता, म्हणून त्याच दिवशी काढून टाकलं.

म्हणजे ते कुणीच ऐकलं नाही. पुण्याने नाही, सुरतेने नाही.

ऐकलं ते फक्त समोर पाणी होतं त्याने.

शनिवारी ती त्यांच्याबरोबर जाणार आहे. खाली. दीपमाळेचा फोटो काढायला. हे तिने मला भाकरीवर तूप वाढावं तसं सांगितलं. पाण्याखाली फोटो कसा काढशील, विचारलं. म्हणाली, पायऱ्या आहेत ना.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

रिक्षा बोलावली, ब्राह्मणपुरीला न्यायला. तिला हाताला धरून बसवलं. बसली. पुलापाशी रिक्षावाला म्हणाला, आजी, मागची सीट ओली कशाने झाली. वळून बघते तर ती उतरून चालायला लागली होती, घाटाकडे. धावले. या गुडघ्यांनी धावले, धरून घरी आणली.

दोधूकडे गेले. या वेळी टर नाही. हात जोडले. त्याने सांगितलं, बलावनाराले पोचाडनं पडस. ज्याने बोलावलं त्यानेच पोचवायचं. दुसऱ्या कुणाला जमत नाही. पुढे आपण चालायचं, मागून ते येतात. शेवटच्या कोरड्या पायरीवर बाजूला व्हायचं, त्यांना उतरू द्यायचं. मागे बघायचं नाही. हाकेला ओ द्यायची नाही. आणि निघताना "येते" म्हणायचं नाही. कुणालाच. ते म्हटलं की निरोप राहत नाही, फेरी होते.

विचारलं, फोनशी बोललं तर चालतं का? म्हणाला, फोन काय माणूस आहे?

मग बोलेन. मागे बघता येत नाही, पण ठिपके तर बघता येतील.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दुपार. आलेत. अंगण भरलं. वाटेपर्यंत.

मयूरी झोपली आहे. तिला खोलीत निजवून पुढच्या दाराला बाहेरून कडी घातली. मागचं दार आधीच बंद केलं, आडणा टाकून. फोन माझ्या हातात. हे कधी कुणी वाचलंच तर, पुण्या-सुरतेच्या लोकांनो, तुम्हाला रिकामटेकडे म्हटलं, माफ करा. येऊ नका. इथे कुणी येऊ नका.

त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, चला, पोचवते. तुळशीबाई आधी उठली. मग सगळे.

निघाले. मी पुढे.

मागे पावलांचा आवाज नाही. नुसता ओल्या कापडाचा. ठिपके माझ्या मागे आहेत, सगळे, ओळीने. घरावर एकही नाही. बरं. बरं चाललं आहे.

घाटाचं तोंड. पायऱ्या सुरू. पहिली — दुसरी — गुडघा — दोधूने नाव काठापासून लांब नेली आहे, तोंड फिरवून उभा आहे.

तुळशीबाई कानापाशी. हाक मारते. ओ देत नाही मी. चाळीस वर्षं दिली नाही, आज काय देते.

पाणी दिसतं. शेवटच्या पायऱ्या. थोडंच उरलं —

मयूरी उठली. खिडकीत आहे वाटतं. तिचा आवाज. आजी, कोठे चालनी वं? आजी? रडते आहे. लहान होती तेव्हा शेतावर निघताना अशीच खिडकीतून —

नाही. ओ नाही. मागे नाही बघणार. हाकेला —

पण तोंडातून गेलं. साठ वर्षांची सवय — घरातून पाय काढला की जे निघतं तेच — येस वं माय, आत्ते येस —

येते म्हटलं मी. येते म्हटलं.

कापडाचा आवाज थांबला.

ठिपके थांबले. वळले. सगळे. मी शेवटच्या पायरीवर, आणि ते माझ्या नि घराच्या मधी — वर चालले — लाल खुणेकडे — तुळशी, थांब वं, मन्ही पोर शे ती, तुन्हीबी नात शे —

मयूरी, दार लाव! आतून लाव, कडी —

कडी मी बाहेरून घातली आहे. बाहेरून. कुणीही काढू श—